पडका गड पाहायचा कसा?

चिखलदऱ्याला येणारा माणूस काय काय करून जातो, ते मी बरीच वर्षं पाहतो आहे. देवी पॉइंट पाहतो, भीमकुंड पाहतो, भाजलेलं कणीस खातो, इथली कॉफी पितो आणि परतताना खवा बांधून घेतो. मग कुणी गाविलगडाकडे बोट दाखवलं, की मनगटावरच्या घड्याळाकडे बघत विचारतो, "तिथं आहे काय? पडकंच ना सगळं?"

प्रश्न रास्त आहे. पडकी भिंत आपणहून बोलत नाही. छत उडालेल्या खोलीत उभं राहिलं की खोली दिसते आणि आभाळ दिसतं. कोण राहत होतं, काय शिजत होतं, दार कुणी फोडलं, हे दिसत नाही. ते कुणीतरी सांगावं लागतं. आणि सांगणारा कसा आहे, यावर आपण गड पाहिला की नुसतीच पायपीट केली, हे ठरतं. आजचं माझं बोलणं या सांगण्याविषयी आहे.

मी धारणीचा. धारणीहून हरिसाल, सेमाडोह करत चिखलदऱ्याला जाणारा रस्ता व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलातून जातो. साग, बांबू, मध्येच सिपना नदी. हिवाळ्यातल्या एका पहाटे आम्ही पाचजण जीप करून निघालो. एक निवृत्त मुख्याध्यापक, त्यांच्या पत्नी, अकोल्याहून आलेली माझी बहीण, तिची आठवीतली मुलगी आणि मी. दुपारपर्यंत गड पाहायचा, जेवायला चिखलदऱ्यात यायचं, अंधाराच्या आत धारणी गाठायची, असा बेत. चिखलदऱ्याजवळच्या एका गावातला कोरकू तरुण वाट दाखवायला मिळाला. बारावी झालेला. घरात कोरकू, बाजारात वऱ्हाडी, पाहुण्यांशी हिंदी. मला त्यानं पहिल्याच वाक्यात 'चाचा' केलं, मुख्याध्यापकांना 'सर' आणि बाकी दोघींना 'मावशी'.

आमचे सर त्याच्या आधीच्या वर्षी युरोपची सहल करून आले होते. रोमला ते अर्धा दिवस अवशेष पाहत हिंडले. वाटाडी बाई हातात छोटं निशाण घेऊन पुढे, पाहुण्यांच्या कानात यंत्र. सर सांगत होते, "फोरममध्ये एका ठिकाणी नुसते तीन खांब उभे आहेत हो. देऊळ गेलं, छप्पर गेलं, भिंती गेल्या. पण त्या तीन खांबांवर ती बाई वीस मिनिटं बोलली, आणि आम्ही वीस मिनिटं ऐकलं."

ते खांब कॅस्टर आणि पोलक्स या जुळ्या देवांच्या देवळाचे. फोरम म्हणजे प्राचीन रोमचा चौक, बाजार, कचेरी, सभा सगळं एकत्र. पुढे साम्राज्य गेलं, इमारतींचे दगड लोकांनी नव्या बांधकामांसाठी उचलून नेले, संगमरवर भट्टीत जाळून त्याचा चुना केला, आणि उरलेलं मातीखाली गेलं. मग कित्येक शतकं तिथं गुरं चरत होती. रोमचे लोक त्या जागेला कॅम्पो व्हाचिनो, म्हणजे गाईंचं कुरण, असंच म्हणत. आज जगभरातून माणसं पैसे मोजून तिथं जातात. खांब तेच आहेत. फरक पडला तो उकरणाऱ्यांनी, वाचणाऱ्यांनी आणि सांगणाऱ्यांनी पाडला.

गाईंची गोष्ट काढली ती उगाच नाही. गाविलगड या नावातच गवळी आहे. इथं पहिला मातीचा कोट गवळ्यांनी घातला असं परंपरेनं सांगतात. मेळघाटात गवळ्यांची वस्ती आजही आहे. तेव्हा रोममध्ये राजधानी मोडून कुरण झालं, आणि आमच्याकडे कुरणावर गड उभा राहिला.

आमच्या वाटाड्यानं पहिली गोष्ट केली ती मला फार आवडली. त्यानं आम्हाला आत नेलंच नाही. दरवाजाच्या अलीकडे उभं केलं आणि म्हणाला, "सर, आधी गड कुठी हाय थे पाहा. मंग काय हाय थे पाहू."

गाविलगड सातपुड्याच्या दक्षिण कडेवर आहे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ११०० मीटर. दक्षिणेकडे डोंगर तुटतो आणि खाली वऱ्हाडचं सपाट मैदान पसरतं. त्या बाजूनं शत्रूनं वर यायचं तर छातीवर चढ आणि डोक्यावर तटबंदी. उत्तरेकडे मात्र गड चिखलदऱ्याच्या पठाराला जमिनीच्या एका पट्ट्यानं जोडलेला आहे. म्हणजे तीन बाजूंनी दरी आणि चौथीकडे वाट. म्हणून त्या चौथ्या बाजूला बाहेरचा कोट, त्याच्या मागे खोलगट दरी आणि दरीपलीकडे आतला किल्ला, अशी दुहेरी रचना. एवढं डोळ्यांत बसलं की पुढचं सगळं उलगडत जातं. बहुतेक लोक हे न पाहता थेट आत शिरतात आणि दगडांच्या गर्दीत हरवतात.

आत शिरताना त्यानं दोन सूचना दिल्या. एक, गवतात पाय टाकायचा नाही. हा वाघ-अस्वलांचा मुलूख आहे. दुसरी माझ्या बहिणीला उद्देशून : "मावशी, सेंट-अत्तर लावलं असन तं मांगं राहा. मोहोळं हायेत." कमानींच्या पोटाशी आग्या मोहोळं लटकलेली होती. अत्तराचा वास, धूर, आरडाओरडा यातलं काहीही त्या माश्यांना चालत नाही. बहीण निमूट मागे राहिली. ईदला चोळलेलं अत्तर तिच्या शालीतून महिनोन् महिने जात नाही.

आता दिल्ली दरवाजाकडे येतो, कारण अर्ध्या दिवसातला निम्मा वेळ इथं द्यायला हवा असं माझं मत आहे. दरवाजावर दगडात चित्रं कोरली आहेत. हत्तीला पायाखाली घेतलेला सिंह आहे. आणि एक पक्षी आहे : धड एक, मान दोन, चोची दोन, चोचींत आणि पंजांत हत्ती धरलेले. हा गंडभेरुंड. विजयनगरच्या आणि पुढे म्हैसूरच्या राजघराण्याचं हे प्रसिद्ध चिन्ह. आता मुसलमान सुलतानांच्या वऱ्हाडातल्या किल्ल्यावर विजयनगरचा पक्षी काय करतो?

याचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात आहे. त्याचं नाव फत्हुल्ला इमादुलमुल्क. जन्मानं तो कन्नड मुलखातल्या ब्राह्मण घरातला, असं इतिहासकार सांगतात. बहमनी सुलतान आणि विजयनगर यांच्या लढाईत तो लहानपणी पकडला गेला, वऱ्हाडात आला, मुसलमान म्हणून वाढला, इथल्या सुभेदाराच्या पदरी राहिला आणि अखेर स्वतः वऱ्हाडचा सुभेदार झाला. १४८८ मध्ये त्यानं गाविलगडाची डागडुजी केली. १४९० मध्ये बहमनी सत्ता खिळखिळी झाल्यावर तो स्वतंत्र झाला आणि वऱ्हाडची इमादशाही सुरू झाली. तिची राजधानी अचलपूर, म्हणजे तेव्हाचं एलिचपूर. दरवाजावरच्या गंडभेरुंडाचा संबंध अभ्यासक त्याच्या मूळ मुलखाशी लावतात.

इथं आमच्यात थोडी चकमक झाली. सरांच्या पत्नी म्हणाल्या, "म्हणजे मनातून तो तिकडचाच राहिला." बहीण म्हणाली, "इकडचा झाला म्हणून तर किल्ला बांधला ना!" दोघी माझ्याकडे पाहू लागल्या, जणू मी पंच. मी वाटाड्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मावशी, दगडावर पक्षी हाय एवढं मले दिसते. त्याच्या मनात काय होतं थे कोनी लिहून नाही ठेवलं."

मला वाटतं, अवशेष दाखवणाऱ्या माणसाची खरी परीक्षा याच जागी होते. त्याच्यासमोर रोज वेगवेगळे गट येतात. एका गटाला एक गोष्ट ऐकायची असते, दुसऱ्याला तिच्या उलट. ज्याला जे हवं ते वाढलं तर बक्षिशी चांगली मिळते. हा दरवाजा तर दोन्हीकडे ओढता येईल असा. फत्हुल्लाला जबरदस्तीचा बळी म्हणून सांगता येतं, कर्तबगार सुलतान म्हणूनही सांगता येतं, आणि दोन्हींत थोडं थोडं खरं आहे. पोराला युद्धात पकडून आणलं हे खरं. त्याच पोरानं राज्य उभं केलं हेही खरं. पक्षी अजून हत्ती धरून बसला आहे. त्यापुढे जाऊन जो बोलेल, त्यानं "हा माझा अंदाज" एवढे तीन शब्द आधी उच्चारावेत.

आमचा वाटाड्या हे शब्द न सांगता उच्चारत होता. त्याची एक रीतच होती. एखादी गोष्ट सांगून झाली की तो म्हणे, "हे कागदातलं हाय", नाहीतर "हे आमच्या बुढ्यायनं सांगतलेलं हाय." गवळ्यांचा मातीचा कोट ही बुढ्यांची गोष्ट. भीमानं कीचकाला मारून दरीत फेकलं म्हणून कीचकदरा, त्याचा चिखलदरा, हीसुद्धा बुढ्यांची. दगडी किल्ला १४२५ च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशहानं बांधला, ही कागदातली; ती फिरिश्ता या इतिहासकारानं लिहून ठेवली आहे. अर्थात कागदालाही वय असतं. फिरिश्तानं लिहिलं ते सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे गड बांधल्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी. आपण आज पेशवाईच्या शेवटाविषयी बोलतो, तेही त्याहून फार लांबचं नाही. पण मी हे त्याला तिथं सांगितलं नाही. वाटाड्याच्या बोलण्यात मध्ये मध्ये तोंड घालणाऱ्या पाहुण्यासारखा त्रास दुसरा नाही.

तिसरी साक्ष दगडावरच्या अक्षरांची. बुरुज-ए-बहराम नावाच्या बुरुजावरच्या फारसी लेखानं हिजरी ९८५ हे साल नोंदवलं आहे. म्हणजे इसवी सन १५७७. तोवर इमादशाही संपली होती. १५७४ मध्ये अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहानं वऱ्हाड घेतलं होतं, आणि गडाचा कारभार बहराम खान पाहत होता. त्यानं डागडुजी केली आणि नाव कोरून ठेवलं.

कुठलाही फारसी लेख आला की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. "चाचा, तुम्ही वाचा ना!" माझं शिक्षण बी. ए. पर्यंत मराठीत झालं, कविता मराठीत लिहितो. उर्दू लिपी घरी शिकलो, म्हणून अक्षरं ओळखू येतात. फारसी येत नाही. आणि शिलालेखातली अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर चढून बसलेली असतात. मोडीतला कागद हातात दिला तर शंभरातले पंचाण्णव देशपांडे माझ्यासारखेच चाचपडतील, असं मी सरांना म्हणालो. सर देशपांडेच आहेत. ते मनमोकळं हसले.

पण एक गंमत मी भाचीला दाखवू शकलो, ती तुम्हालाही सांगतो. फारसी लेखांत साल पुष्कळदा आकड्यांत नसतं, शब्दांत दडवलेलं असतं. या पद्धतीला अबजद म्हणतात. अरबी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला किंमत आहे. अलिफ एक, बे दोन, जीम तीन, दाल चार, हे पाच. पुढे दहा, वीस, तीस करत शंभर, दोनशे असं हजारापर्यंत. कवीनं अशी ओळ रचायची की अर्थही लागावा आणि अक्षरांची बेरीज केली की साल निघावं. ७८६ हा आकडा तुम्ही ट्रकवर, दुकानाच्या पाटीवर पाहिला असेल. तो 'बिस्मिल्लाह'च्या पूर्ण वाक्यातल्या अक्षरांची बेरीज आहे. आपल्या जुन्या संस्कृत लेखांतही चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, असे शब्द आकड्यांऐवजी येतात. तिथं बेरीज नसते, अंकांची मांडणी असते. कल्पना मात्र शेजारचीच. कवीला गणितात बसवण्याची ही हौस मला पोटभर आवडते, कारण माझ्या ओळी कधी मात्रांतही बसत नाहीत.

भाचीनं तिथंच वही काढली. बहराम. बे दोन, हे पाच, रे दोनशे, अलिफ एक, मीम चाळीस. "मामू, दोनशे अठ्ठेचाळीस!" वाटाड्या तिच्या खांद्यावरून पाहत होता. त्यानं पुन्हा एकदा सगळी बेरीज मांडायला लावली आणि आपल्या मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढून घेतला.

गडावरच्या मशिदीविषयी थोडक्यात सांगतो. ती उंचावर आहे. दर्शनी कमानी अजून ऐटीत उभ्या आहेत आणि मिनारांवरच्या दगडी जाळ्यांचं काम थांबून पाहण्यासारखं आहे. मागचा भाग कोसळला आहे. उन्हाचे कवडसे जाळीतून कसे पडतात ते पाहायचं असेल तर सकाळी लवकर जावं.

पाणी हा मात्र रेंगाळण्याचा विषय. लोक तोफ शोधतात, तलावाकडे पाठ करून फोटो काढतात. पण गड पाण्यावर जगतो. गाविलगडाच्या आत अनेक तलाव आहेत. डोंगराचा काळा दगड फोडून तट बांधायचा, आणि दगड काढून झालेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी अडवायचं, ही आपल्याकडच्या डोंगरी किल्ल्यांची जुनी युक्ती. एका कष्टात दोन कामं. शिबंदी हजारांची, वर घोडी, हत्ती, बैल. पाऊस चार महिन्यांचा. उरलेले आठ महिने याच पाण्यावर. तलावाच्या काठावर उभं राहून किती माणसं किती दिवस जगतील, एवढा हिशोब मनात केला तरी वेढा म्हणजे काय ते कळतं. मेळघाटातल्या कित्येक गावांत उन्हाळ्यात आजही बायका हंडा घेऊन लांब जातात; आमच्या वाटाड्याची आईसुद्धा जायची. तो म्हणाला, "चाचा, गड बांधनाऱ्यानं पह्यले पानी पाह्यलं." एवढंच म्हणाला.

वेढ्याचा विषय निघालाच आहे, तर आता १८०३ कडे येऊ. त्या वर्षी इंग्रज एका बाजूला आणि शिंदे-भोसले दुसऱ्या बाजूला असं युद्ध पेटलं. सप्टेंबरात असईची लढाई झाली. २९ नोव्हेंबरला आपल्या अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला दुसरी मोठी लढाई झाली आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा मोड झाला. मागे हटलेल्या सैन्यातले पुष्कळजण गाविलगडावर आले. किल्लेदार होता बेनीसिंह, रजपूत. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवता झाला.

सुरुवातीला वाटाड्यानं जमीन दाखवली होती ती इथं कामाला आली. वेलस्ली स्वतः दक्षिणेकडे मैदानाच्या बाजूनं राहिला. त्याचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन डोंगरांना वळसा घालून उत्तरेकडे निघाला. रस्ता नव्हता. जंगल तोडत, दगड फोडत, अवजड तोफा ठिकठिकाणी माणसांनी ओढत ती फौज १२ डिसेंबरला गडाच्या उत्तरेला लबाडा गावापाशी पोहोचली. तोफांचा मारा सुरू झाला. दक्षिणेकडच्या तोफांचा फारसा उपयोग झाला नाही. चढच तसा आहे. उत्तरेकडचा तट मात्र १४ तारखेच्या रात्रीपर्यंत फुटला. १५ डिसेंबर १८०३ च्या सकाळी दहाच्या सुमारास हल्ला झाला. बाहेरचा कोट पडला. पण मध्ये ती दरी आणि पलीकडे आतला किल्ला शाबूत. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेल नावाचा अधिकारी आपली तुकडी घेऊन शिड्यांनी आतला तट चढला आणि आतून दरवाजा उघडला. मग दरवाजांपाशी कत्तल झाली. बेनीसिंहाचा देह तिथल्या ढिगात सापडला. पडण्यापूर्वी गडावरच्या रजपूत घरांत जोहाराचा प्रयत्न झाला होता. त्यात काही स्त्रिया मेल्या, पण बहुतेक जखमी अवस्थेत जिवंत सापडल्या.

हे सांगताना वाटाड्याचा आवाज खाली आला. नाट्य करून सांगण्याची सोय होती, त्यानं केलं नाही. सरांनी विचारलं, "गडावरच्या बाकी मेलेल्यांची नावं?" तो म्हणाला, "एक बेनीसिंह. बाकीच्यायचे मले नाही मिळाले." इंग्रजी फौजेतलेही बहुतेक शिपाई हिंदीच होते. स्टीव्हन्सनच्या तोफा डोंगरात ज्यांनी ओढल्या, त्यांच्यातले किती परत गेले ते त्याच्या कुठल्याच गोष्टीत नव्हतं.

एक गमतीची गोष्ट त्यानं सांगितली. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकारानं या वेढ्यावर एक अख्खी कादंबरी लिहिली आहे. तिचा नायक रिचर्ड शार्प हाच त्यात आतला तट चढतो. ती वाचलेला एक पाहुणा एकदा गडावर आला आणि शार्प चढला ती जागा दाखव म्हणाला. "मी म्हनलं, साहेब, थो मानूस कादंबरीतला हाय. खरा चढला थो दुसरा. पन भिंत हेच हाय." पाहुण्यानं तरीही त्या भिंतीला हात लावला म्हणे. मला त्या पाहुण्याचं हसू आलं नाही. विलायतेतला माणूस खोट्या नायकासाठी इतक्या लांब येतो, आणि आपण भीमकुंडावरून घड्याळ बघत परत फिरतो.

गड पडल्यावर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, पायथ्याच्या देवगावला तह झाला. रघूजी भोसल्यांना कटक-बालासोर आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला. गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले मात्र त्यांना परत मिळाले. पुढे १८२२ च्या तहात ते निजामाकडे गेले, आणि १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांनी घेतला.

आणि आता मूळ प्रश्नाकडे : "पडकंच ना सगळं?" पडलं कसं, हे विचारायला हवं. आपण सहज म्हणतो, काळानं पाडलं. गाविलगडावर काळानं केलेली पडझड आहेच. उंबर-पिंपळाची मुळं सांध्यांत शिरतात आणि दगड ढकलतात, पावसाळ्यात चुना धुपतो. पण उत्तरेचा तट फोडला तोफांनी. आणि १८५८ मध्ये तात्या टोपे नर्मदा ओलांडून दक्षिणेला आले, मुलताईपर्यंत पोहोचले, तेव्हा ते सातपुड्यातला हा किल्ला बळकावतील या भीतीनं इंग्रजांनी त्याची तटबंदी निकामी करून टाकली. म्हणजे या अवशेषांत जे पडलेलं दिसतं, त्यातलं बरंचसं माणसांनी ठरवून पाडलेलं आहे. तात्या टोपे इथं आले नाहीत, तरी त्यांच्या धास्तीची खूण इथं आहे. रोमलाही तेच : संगमरवर काळानं भट्टीत घातला नव्हता.

गड आज केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे आणि व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलात आहे. त्यामुळे दोन खात्यांचे नियम लागतात. येण्याआधी वेळा विचारून घ्याव्यात. २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. त्यात विदर्भातला एकही नाही. याचा राग धरण्यात अर्थ नाही. पण ज्या गावचे आपण, तिथली गोष्ट सांगणारी माणसं तयार करणं आपल्या हातात आहे.

आमच्या वाटाड्याचं इतिहासाचं शिक्षण कसं झालं ते मी विचारलं. थोडं आजोबांकडून, थोडं दुसऱ्या वाटाड्याच्या मागे हिंडून, थोडं पाहुण्यांनी दिलेल्या झेरॉक्सांतून. त्याच्याकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेली काही इंग्रजी पानं होती, कुठल्याशा गॅझेटिअरची. १८७० मध्ये लायलनं वऱ्हाडचं गॅझेटिअर काढलं, १९११ मध्ये अमरावती जिल्ह्याचं निघालं; दोन्ही इंग्रजीत. त्याला अडल्या शब्दांचा अर्थ सर सांगत होते आणि तो पेन्सिलीनं ओळीच्या वर देवनागरीत लिहून घेत होता. गडाच्या नकाशासह, लेखांच्या वाचनासह, तीस-चाळीस पानांची मराठी पुस्तिका अशा मुलांच्या हातात पडायला हवी. जमलं तर कोरकूतही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिच्या नात्यातल्या मुंडारी, संथाली वगैरे भाषा दूर झारखंडकडे बोलल्या जातात. सातपुड्यात ती एकटी पडली आहे. गडावरच्या झाडांची नावं त्यानं आम्हाला त्या भाषेत सांगितली. भाचीनं ती वहीत लिहिली, बहरामच्या बेरजेखाली.

तुम्ही याल तेव्हा एवढं करा. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत या. पावसाळ्यात धुकं इतकं दाटतं की शेजारचा माणूस दिसत नाही, दरवाजावरचा पक्षी कुठून दिसणार? सकाळी लवकर चढा. पायांत बूट, पाठीला पाणी. वाटाड्या घ्या आणि त्याचे पैसे आधी ठरवा. गड उतरल्यावर घासाघीस करू नका. त्याला दगडांवर नावं कोरलेली जागा विचारू नका, पाहणाऱ्यांनीच ती पुष्कळ कोरून ठेवली आहेत. सांगेल ते ऐका, आणि मध्येच कधीतरी विचारा, "हे कागदातलं की बुढ्यांचं?" चांगला वाटाड्या या प्रश्नानं खूश होतो. आमचा झाला होता. दक्षिणेच्या कड्यावर त्यानं आम्हाला जास्तीची वीस मिनिटं बसवलं आणि खाली वऱ्हाडच्या मैदानात देवगाव कुठं, अचलपूर कुठं, अडगाव कुठल्या दिशेला, हे हात लांब करून दाखवत राहिला.